कुमुदकाकू, तुम्ही आधी सूर्यावर संशय घेतलात

अन्याय झाला तो कुमुदकाकूंवर. पोळ्याच्या करीला, सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी, नांदेडमध्ये, आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर.

एवढं लिहिलं आणि थांबले. पत्रकाच्या पहिल्या ओळीत हेच लागतं, कुणावर, कधी, कुठं. आम्हा आंदोलनवाल्यांना तसंच शिकवलंय. दुसऱ्या ओळीत कुणी केला ते लागतं, आणि ते मला माहीत नाही. तिसऱ्या ओळीत मागणी. तिथपर्यंत मी पोचतच नाही, कारण दुसरी ओळ कोरी आहे, आणि जिच्यासाठी भांडायचं तिचा कालच दहावा झाला. तुम्ही होतात तेव्हा तरी कुठं भांडू देत होतात म्हणा.

म्हणून पत्रक बाजूला सारलं, काकू, आणि तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतंय. पण जे वाचणार नाहीत त्यांना लिहायची मला सवय आहे. स्टेशनबाहेर मी वाटलेल्या पत्रकांत लोक भजी खातात.

आपली पहिली भेट पत्रकामुळेच झाली. उमरीहून सकाळच्या गाडीनं येणाऱ्या पोरींना कॉलेजच्या वेळेला सिटी बस हवी, म्हणून मी घरोघर कागद देत फिरत होते. तुमच्या खालच्या मजल्यावर राहायला येऊन मला महिनासुद्धा झाला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर आले तर तुमच्या दारातून आवाज येत होता. पाण्याखाली बसून कुणी पिपाणी वाजवावी तसा. थोडा वेळ वाजायचा, बंद व्हायचा, पुन्हा वाजायचा. मला वाटलं मिक्सर बिघडलाय.

तुम्ही दार उघडलंत, कागद घेतलात, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलात. नांदेडात माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते. चाळीस वर्षं मुलींना गणित शिकवलेल्या बाईची नजर होती ती. मला वाटलं शुद्धलेखनाची चूक निघणार.

"खाली नाव कुणाचं न्हाई?" तुम्ही विचारलंत.

"आहे की. संघर्ष समिती."

"समितीच्या घरी चहाला जाता येतं का?"

मला राग आला. पत्रकावर एकट्याचं नाव टाकत नसतात, पोलीस उचलतात, असं काहीतरी मी तुम्हाला सुनावलं. तुम्ही म्हणालात, "आमच्यात नाव न सांगता एक अक्षर बोलायची परवानगी नाही. ये आत, दाखवते."

आत टेबलावर तुमचा रेडिओ होता, डब्याएवढा, आणि जुना लॅपटॉप. तुम्ही रिटायर झाल्यावर सरकारी परीक्षा देऊन हॅम रेडिओचं लायसन काढलं होतं. सरकारनं तुम्हाला एक खूण दिली होती, अक्षरं आणि आकडे मिळून, जगात तेवढी एकट्या तुमची. कॉलसाइन म्हणतात तिला. बोलायच्या आधी ती सांगायची, हा नियम. नाव लपवून बोलणारा तिथं चोर समजला जातो.

पण काकू, तुम्ही बोलत कुठं होतात? माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला आणि अजून संपलेला नाही. मला वाटलं होतं माइक असेल, "हॅलो हॅलो" असेल. तुम्ही तर माइक खोक्यातून बाहेरसुद्धा काढला नव्हता. तुम्ही माउसनं एका ठिकाणी टिचकी मारायचात आणि कॉम्प्युटर ती पिपाणी वाजवायचा. शॉर्टवेव्हवरून ती जायची, वर आकाशातल्या आयनोस्फिअरच्या थराला आपटून जपानात नाहीतर इटलीत उतरायची, आणि तिथला कॉम्प्युटर तिची पुन्हा अक्षरं करायचा. पंधरा सेकंद तुमचे, पंधरा सेकंद समोरच्याचे. मध्ये कुणी घुसायचं नाही. आणि त्या अक्षरांत असायचं काय? तुमची खूण, त्याची खूण. तुम्ही कुठल्या चौकोनात आहात. तुमचा आवाज किती बारीक ऐकू आला त्याचा आकडा. शेवटी त्र्याहत्तर, म्हणजे नमस्कार. संपलं.

"हवा कशी, मुलं कशी, काहीच नाही?"

"नाही."

"तिकडं युद्ध चालू आहे, महागाई आहे, त्याचं?"

"नाही गं."

"मग बोलता काय तुम्ही?"

"तू हायस. मी हाय. ऐकू आलं."

मी तुमच्या तोंडावर हसले. पुढची दोन वर्षं आपलं भांडण याच एका गोष्टीवर चाललं. मी म्हणायची, एवढं यंत्र, एवढं आकाश, आणि बोलायचं काही नाही, हा शब्दांचा अपमान आहे. तुम्ही म्हणायचात, "माझी भाची पुण्याहून रोज फोन करते. जेवलात का? जेवले. त्यात काय बातमी असते? एक दिवस फोन नाही आला तर बघ जीव कसा बेजार होतो." मग मी मुद्दा बदलायची. तेही तुम्हाला कळायचं.

आकड्यावरून तर मी तुम्हाला खूप छळलं. समोरचा सांगायचा, उणे अठरा. मी म्हणायची, काकू, तुम्ही गणिताच्या बाई, आणि जग तुम्हाला उणे मार्क देतंय. तुम्ही समजावायचात की उणे म्हणजे आजूबाजूच्या खरखरीपेक्षाही खाली. माणसाच्या कानाला ते ऐकूच येणार नाही. खरखरीच्या तळाशी हात घालून ते उचलायचं. "तुझं सगळं खरखरीच्या वरचं, म्हणून तुला किंमत नाही," असं तुम्ही मोर्चावरून माझा घसा बसून आलेला असताना म्हणालात. आल्याचा चहा पुढं ठेवून. मी चहा प्यायले. उत्तर अजून द्यायचं राहिलंय.

तुमचं माहेर देवणीचं. "आमच्या गावचे बैल जगाला माहिती आहेत, बायका न्हाईत," हे तुमचं ठरलेलं वाक्य. त्या रेडिओवाल्यांच्या नकाशात सगळी पृथ्वी चौकोनांत वाटलेली असते. नांदेड आणि उमरी एमके एकोणनव्वद. लातूर आणि देवणी एमके अठ्ठ्याऐंशी. मी म्हटलं, घ्या, नांदेड मोठं का लातूर मोठं याच्यावरून इथं डोकी फुटायची वेळ येते, आणि यांनी मध्ये सरळ रेघच मारून टाकली. तुम्ही हसून हसून पाणी मागितलंत. मग म्हणालात, "लातूरचा आकडा कमी आहे, हे तिकडं सांगू नको."

आणि घड्याळ. तुमच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं, आपल्याकडं प्रत्येक घरात असतं तसं. गाडी चुकू नये म्हणून सगळ्या घरानं मिळून स्वतःला फसवायचं. पण त्या पंधरा सेकंदांच्या खेळात कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदाला पक्कं लागतं, नाहीतर जगात कुणालाच तुमचं काही कळत नाही. एकदा तुमच्या देवणीच्या भावानं, दिवाळीला आले असताना, "अक्का, तुझा कॉम्प्युटर मागं पडलाय" म्हणून तो भिंतीवरच्या घड्याळाला मिळवला. दिवसभर जग गप्प. तुम्ही केबल बदलली, रेडिओ उघडलात. संध्याकाळी लक्षात आलं. भाऊ म्हणाले, "मी तर टाइम बरोबर केला!" तुम्ही त्यांना रागावला नाहीत. म्हणालात, "भिंतीवरचं घरासाठी असतंय रे. हे जगासाठी."

आता पोळ्याची कर, सणाचा दुसरा दिवस.

दहा वाजून बारा मिनिटांपर्यंत लॅपटॉपवर जपानची स्टेशनं ओळीनं येत होती. शेवटचं आलं, आणि त्यानंतर पडदा कोरा. लॅपटॉपनंच वेळ लिहून ठेवली होती. आमच्या इतक्या आंदोलनांत एवढा पक्का पुरावा मला कधी मिळाला नव्हता. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी मी आले तर तुम्ही शांत बसला होतात आणि म्हणालात, "सूर्यानं आज तोंड फिरवलंय."

म्हणजे काय ते तुम्ही समजावलंत. सूर्यावर भडका उडाला की शॉर्टवेव्ह बसते. काही ऐकू येत नाही, नेहमीची खरखरसुद्धा उतरते. तुमची खरखर उतरली होती. म्हणजे सूर्यच. दुसऱ्या दिवशीही तेच. तुम्ही घड्याळ तपासलंत, भावाला फोन करून "तू काही हात लावला नाहीस ना" विचारलंत, खिडकीपर्यंतची केबल तपासलीत, आणि पुन्हा सूर्यावर आलात. "होतं असं. येईल त्याचा तो शुद्धीवर."

काकू, तो सूर्य कुठं, आपली गच्ची कुठं! दोन मजले वर. तुम्ही एवढ्या लांबच्यावर संशय घेतलात, आणि ज्यांच्या घराघरांतून दसऱ्याचा शिरा तुमच्याकडं येतो त्या शेजाऱ्यांवर नाही. याला मी काय म्हणू? भोळेपणा म्हणायला जीभ उचलत नाही. तुम्ही भोळ्या नव्हतात, भाजीवाल्याला पुसा.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला वर पाठवलंत, कारण तुमचे गुडघे जिन्याला नकार द्यायचे. मी वर गेले. तुमच्या रेडिओची गच्चीवर ताणलेली एरियलची तार कापलेली होती, केबल जिथं तिला मिळते त्या डबीपाशी, पकडीनं, एका घावात. आणि काकू, हे मी पत्रकात कसं बसवू मला कळत नाही: कापलेली तार टाकून दिलेली नव्हती. नीट गोल गुंडाळून, सुतळीनं दोन ठिकाणी बांधून, टाकीच्या सावलीत ठेवली होती. ऊन लागू नये म्हणून ठेवावी तशी.

मी ती खाली आणून टेबलावर आपटली. "बघा!"

तुम्ही गाठी बघितल्यात. बोट फिरवलंत. "किती नीट ठेवलीय."

"कापलीय, काकू!"

"कापलीय. पण नीट ठेवलीय."

"म्हणजे त्यांची आरती करायची का?"

मी बिल्डिंगची मीटिंग लावायला लावली. तुमची मनापासून इच्छा नव्हती, माझ्यासाठी आलात.

खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकल्या होत्या. सेक्रेटरी साहेबांनी आधीच सांगून टाकलं, "कमिटीनं कापली न्हाई. कुनी कापली आपल्याला मालूम न्हाई. पर तार अनधिकृत व्हती हे बी खरंय." चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "ओ, त्याला रेडिएशन असतंय. आमच्या ह्यांचे केस गळून राहिले."

"त्यांचे केस लग्नाच्या फोटोतच न्हाईत," मागून कुणीतरी बोललं. हशा झाला.

तुम्ही म्हणालात, "पाच वॅट आहे. तुमच्या देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब जास्त खातो."

मग मी उठले. सभेत कुठं वार करायचा हे मला कळतं. मी म्हटलं, उद्या इथं भूकंप झाला, मोबाईल बंद पडले, तर तुमच्या लेकरांची खबर कोण देईल? हीच तार देईल. आपल्या भागात भूकंप हा शब्द उच्चारला की पन्नाशीच्या पुढची माणसं पायाखाली बघतात. सेक्रेटरी साहेब पुढं सरकले. "हे आधी सांगायचं ना मॅडम. असं असल तर ठराव करू. आपत्कालीन उपयोगासाठी, असं लिहू. तार आपण खर्चून बसवू, मजबूत."

जिंकलो होतो. माझ्या आयुष्यात मी एवढ्या लवकर कधी जिंकले नाही.

तुम्ही म्हणालात, "नको."

सगळे वळले.

"भूकंपाच्या वेळी मी लातूरला नोकरीला होते. काय असतं ते मला माहिती आहे. गरज पडली तर मी बसेन रेडिओपाशी, सांगायची गरज नाही. पण रोज मी त्यासाठी बसत नाही. मला आवडतं म्हणून बसते. आवडतं म्हणून राहू देत असाल तर तार राहू द्या."

सेक्रेटरी साहेबांनी पेनचं टोपण उघडलं, बंद केलं. "आता हे ठरावात कसं लिहायचं?"

लिहिता आलं नाही. मीटिंग उठली. जिन्यात मी तुमच्यावर ओरडले. तुमचा हात धरून एकेक पायरी चढवत होते आणि ओरडत होते. जिंकत होतो की आपण! तुम्ही धापा टाकत म्हणालात, "त्या वहिनींच्या तुळशीला कुणी विचारतं का, भूकंपात काय कामाची म्हणून?"

हे मला त्या दिवशी पटलं नाही. आज पटलंय का? खरं सांगते, माहीत नाही. आम्ही बस मागतो ती पोरी शिकतील म्हणून मागतो. पाणी मागतो ते जगण्यासाठी. सगळ्या मागण्यांना कारण असतं, कारण नसेल तर छापायचं काय? आणि तुम्ही म्हणता मला आवडतं, हेच कारण. साठी ओलांडलेल्या बाईला काहीतरी आवडतं, त्यातून कुणाचा फायदा नाही, आणि तरी ते कुणी कापायचं नाही. हे पत्रक मी कुणाच्या दारात नेऊ? आमच्या समितीनंच हसून परत केलं असतं.

नंतर तुम्ही जे केलंत त्याला तर काय म्हणावं! तीच तार उलगडून, गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीला खालून चिकटपट्टीनं चिकटवायला लावलीत. मी चिकटवली. निळी दोरी, तिच्या पोटाशी तार, कुणाला दिसेना. मी म्हटलं, ही तर चोरी झाली, हक्कानं बांधा! तुम्ही म्हणालात, "दोरी सगळ्यांची आहे, माझीही आहे." आणि जग पुन्हा बोलू लागलं. फक्त चौथ्या मजल्याच्या चादरी वाळत पडल्या की युरोप बुडायचा. ओल्या कपड्यांनी तारेचं गणित बिघडतं म्हणे. "वहिनींनी आज सोलापुरी चादर धुतली," हे तुम्ही खाली बसून, रेडिओच्या काट्याकडं बघून सांगायचात. मी वर पळत जाऊन बघायची. चादरच असायची.

चारचा चहा झाला की युरोप उघडतो, हे तुमचं वाक्य. त्याच वेळी तुम्ही तुमचं दार उघडं ठेवायला लागलात. आधी ठेवत नव्हतात. मी विचारलं तर म्हणालात, "वारा येतोय." थंडीतही येत होता तो वारा. मी स्वेटर घालून बसायची आणि कुरकुरायची, काकू, दार लावा. तुम्ही लावलं नाहीत.

संक्रांतीनंतर तुमचे भाऊ तुम्हाला लातूरला घेऊन गेले, दवाखान्यात, हृदयाची झडप. जुनंच दुखणं होतं. इथं मला एक मोह झाला तो सांगते. तार कापली म्हणून काकू गेल्या, असा मथळा माझ्या डोक्यात तयार होता. चांगला मथळा आहे, लोक थांबून वाचतील. पण तो खोटा आहे. दोरीच्या तारेवर तुम्ही दिवाळीभर मजेत होतात. मी तो लिहिणार नाही. लिहावासा वाटतो, एवढंच तुम्हाला सांगून ठेवते.

मी एसटीनं भेटायला आले त्या दुपारी तुम्ही उठून बसला होतात. भाऊ चहा आणायला खाली गेले होते. मी चौकोनाची थट्टा केली, काकू, तुम्ही एमके अठ्ठ्याऐंशीत आलात, आता तुमची खूण चुकीचा पत्ता सांगेल. तुम्ही हसलात आणि मग एकदम म्हणालात, "कोण ते मला कळलं होतं. त्याच आठवड्यात."

"काय?"

"तार."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. संत्री घरंगळत पलंगाखाली गेली. "कोण? नाव सांगा."

"तू पत्रक काढशील."

"काढीन!"

"म्हणून तर."

"कळलं कसं?"

"जिन्यात समोर आले की खाली बघून जायला लागले होते. पहिले हसून जायचे."

"मग तुम्ही विचारलं का नाही तोंडावर?"

"समोरच्याचे पंधरा सेकंद असतात, पोरी. माझं बोलून झालं होतं."

"काय बोललात तुम्ही? एक शब्द बोलला नाहीत!"

"दार उघडं ठेवलं होतं की."

भाऊ चहा घेऊन आले. विषय तिथंच राहिला. मी पलंगाखाली वाकून संत्री गोळा करत होते म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही. जाताना मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते, तेव्हा नाव घेतल्याशिवाय हलणार नाही. तुम्ही हात वर केलात. पुढचा आठवडा आला नाही.

आता मी हैराण आहे ती याच्यावरून, काकू. कुणावर चिडायचं ते मला सापडत नाही. ज्यांनी कापली त्यांच्यावर चिडायला जाते तर टाकीच्या सावलीतली ती गुंडाळी आठवते. तुमच्यावर चिडायला जाते तर तुम्ही नाही. तुम्ही नाव नेलंत, हे बरोबर केलंत का? तुम्हाला ती व्यक्ती आपणहून यायला हवी होती. आली नाही. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत रोज चार वाजता तुम्ही दार उघडून बसलात, आणि वर चढताना, खाली उतरताना ती व्यक्ती त्या दारावरून गेली असणार. हे असं वाट बघणं म्हणजे मोठं मन का नुसता हट्ट? तुम्ही म्हणाला असतात, नुसतं ऐकणं. मला त्या उत्तरानं समाधान होत नाही. तुमच्या कुठल्याच उत्तरानं पूर्ण झालं नाही, आणि तरी मी रोज का येत होते, हेही मला नीट सांगता येणार नाही.

काल दहाव्याला तुमच्या भावांनी बिल्डिंगमधल्या सगळ्यांना बोलावलं होतं. सगळे आले. सेक्रेटरी साहेब, वहिनी, त्यांचे ते बिनकेसांचे हे, तळमजल्यावरचे आजोबा, सगळे. त्यातलं एक माणूस ते होतं. मी पंगतीत वाढत होते आणि प्रत्येकाचे हात बघत होते. पानावर भात घेणारे हात. कुणाच्या हाताला तारेची खूण राहत नसते. दोघं-तिघं रडले. त्यातलं कोणी असेल का? का न रडलेल्यांतलं? मला उलटं जास्त छळतंय ते हे, की रडणाऱ्यांतलं असेल तर ते रडणं खरं होतं. मी खोटं रडणं ओळखते, आमच्या भाषणांत असतं.

रेडिओ तुमचे भाऊ लायसन असलेल्या कुणाला तरी देणार आहेत. तुमची खूण तुमच्याबरोबर संपली. ती आता दुसरं कुणी वापरू शकत नाही, नियमच आहे. मी परीक्षा देईन का, भावांनी विचारलं. मला माहीत नाही. पंधरा सेकंद गप्प बसणं मला अजून जमत नाही. आज दुपारी गच्चीवर गेले होते. निळ्या दोरीवर चौथ्या मजल्याची सोलापुरी चादर वाळत होती. खाली युरोप बुडाला असेल, असं पटकन मनात आलं आणि मी चादर बाजूला सरकवली. कुणासाठी सरकवली? सरकवली खरी.

तुमचे आभार मानायचे होते, ते राहिले. आपल्यात तशी रीत नाही, आणि तुम्ही हसला असतात. माझं पत्रक शेवटपर्यंत वाचल्याबद्दल. आल्याच्या चहाबद्दल. माझ्याशी दोन वर्षं भांडून एकदाही दार न लावल्याबद्दल. त्र्याहत्तर, काकू. बघा, माझ्या तोंडून निघालं एकदाचं.

आता वाचणाऱ्यांकडं वळते. हा कागद पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या दारावर लावते आहे, म्हणजे बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला दिसेल. तार कापणारे, तुम्हीही हा वाचत आहात. बहुतेक आजूबाजूला कुणी नाही ना ते बघून. मला तुमची माफी नको आहे, कारणही नको. पत्रक काढणार नाही, हा शब्द देते. काकूंनी तुमचं नाव मला सांगितलं नाही. शेवटपर्यंत तुमच्यासाठी जागा ठेवली. ती जागा रिकामी ठेवून त्या गेल्या, आणि मला ते रिकामेपण सहन होत नाही.

पहिल्यांदाच माझ्या कागदाखाली समितीचं नाव नाही. मी अश्विनी, उमरीची. दुसरा मजला, डावीकडचं दार. चार वाजता ते उघडं असतं.

या. स्वतःचं नाव सांगा, आणि "तार मी कापली" म्हणा.